जन्मठेपेच्या कैद्याची रजा: आम्हाला कुणी विचारतं का?

दुधनाकाठ

लिहू की नको करत दोन दिवस काढले. शेवटी लिहितोय. इथं या फोरमवर वकील मंडळी आहेत, पोलीस खात्यातले एकदोघे आहेत, म्हणून.

2013 साली माझ्या मामाचा खून झाला. कारण धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं. मारणारा भावकीतलाच, नात्यानं मामाचा पुतण्या लागतो. पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ, म्हणजे खांदेमळणी. मामा ओढ्याला बैल धुऊन आणून गोठ्यापुढं त्यांच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होता. पंचनाम्यात एक ओळ आहे: 'मयताचे दोन्ही हातांस पिवळसर चिकट पदार्थ लागलेला दिसून येतो.' खटल्याची सगळी कागदं मी वाचलीत. त्यातली हीच ओळ माझ्या डोक्यातून जात नाही.

2016 मध्ये सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली, पुढं खंडपीठानं अपील फेटाळलं. आम्हाला वाटलं, संपलं.

2018 मध्ये मामी आठवडी बाजारात गेली होती. जिलेबीच्या गाड्यापुढं गर्दी होती. समोरचा माणूस बाजूला सरकला आणि म्हणाला, "काकू, या, तुम्ही घ्या आधी." मामीनं वर बघितलं तर तोच. ती पिशवी तिथंच टाकून घरी आली. फर्लोवर, म्हणजे तुरुंगातून रजेवर आला होता म्हणे. तेव्हापासून येतोच आहे. कोरोनात तर जवळजवळ दोन वर्षं गावात होता. दरवेळी आम्हाला कळतं ते तो दिसल्यावर. गेल्या आठवड्यात पुन्हा मामीचा फोन आला. दोनच शब्द बोलली, "आलाय तो."

त्याला रजा देऊच नका असं म्हणायला मी इथं आलेलो नाही. तसं वाटायचं, आता तितकं वाटत नाही. पण ही रजा ठरवतं कोण, कशाच्या आधारावर, आणि ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला एक फोन करायची पद्धत आहे का नाही? त्याच्याच बॅरेकमधला आमच्या शेजारच्या गावचा एक पारधी समाजाचा माणूस आहे. तोही 302 मध्येच. त्याला एकदाही घरी आलेलं कुणी पाहिलेलं नाही. हे कसं काय?

रोखठोक

सरळ प्रश्न. खुन्याला रजा कशाला? तुमच्या मामाला मिळते का वर्षातून चार आठवडे वरून खाली यायची रजा? तिकडं हरियाणात राम रहीम बाबाला बघा. निवडणूक आली की बाबा बाहेर. 2024 ला मतदान 5 ऑक्टोबरला, बाबा 2 ऑक्टोबरला बाहेर. पत्रकाराच्या खुनात 2019 ला जन्मठेप झाली होती त्याला. कायदा फक्त आपल्यासारख्यांना. मस्साजोगच्या सरपंच खुनातले पण उद्या असेच पॅरोलवर फिरतील, लिहून ठेवा.

खंडपीठवाला

रोखठोक, मस्साजोगचं प्रकरण 9 डिसेंबर 2024 चं आहे. आरोपींना शिक्षा झालेली नाही. शिक्षा नाही तर पॅरोल-फर्लोचा विषयच येत नाही, तिथं प्रश्न जामिनाचा. या दोन्हींची सरमिसळ टीव्हीवालेही करतात, म्हणून आधी हे सांगितलं. हरियाणाचं म्हणाल तर त्यांचा कायदा वेगळा, 2022 चा. तुरुंग हा राज्याचा विषय आहे. आपल्याकडं 1959 चे फर्लो आणि पॅरोलचे नियम लागतात, त्यात 2016 आणि 2018 ला बरेच बदल झाले.

धागाकर्त्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. लोक सरसकट पॅरोल म्हणतात, पण रजा दोन तऱ्हेची आहे. फर्लो म्हणजे संचित रजा. तिला कारण लागत नाही. ठरावीक काळ शिक्षा भोगली, वागणूक नीट असली की वर्षाकाठी मागता येते. एका साच्यात पिचत पडलेल्या माणसाला घरची माणसं दिसावीत, एवढाच तिचा हेतू. हे दिवस शिक्षेत धरले जातात आणि मंजुरी कारागृह उपमहानिरीक्षकांकडून येते. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. तिला कारण लागतं: घरातलं गंभीर आजारपण, बायकोचं बाळंतपण, पुरात-आगीत घर जाणं. ही विभागीय आयुक्तांकडून मिळते. म्हणजे मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचे असे अर्ज एका ठिकाणी जाऊन पडतात. मयत किंवा लग्नासाठी 14 दिवसांची आकस्मिक रजा असते, ती तुरुंग खात्याच्याच पातळीवर होते. पॅरोलचे दिवस शिक्षेत धरत नाहीत. जानेवारी 2023 मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्टच केलं: 14 वर्षं प्रत्यक्ष भोगली का हे मोजताना पॅरोल वजा करायचा.

म्हणजे कोरोनात तुमचा माणूस जी दोन वर्षं गावात राहिला, ती त्याच्या हिशेबातून गेली. तो तेवढा उशिरा सुटणार. यानं मामींना काही वाटायचं नाही, ठाऊक आहे मला. पण 'फुकट फिरला' हे बरोबर नाही.

रजा हा हक्क आहे का? पूर्ण हक्क नाही, असं 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या एका फर्लोच्या प्रकरणात सांगितलं. पण 2017 च्या राजस्थानच्या निकालात तेच न्यायालय म्हणतं की गुन्हा गंभीर आहे एवढ्याच कारणावरून पॅरोल नाकारू नका, माणूस कधीतरी बाहेर येणार आहे, त्याचं घर-समाजाशी नातं तुटू देऊ नका. दोन्ही निकाल खिशात ठेवूनच आम्ही रोज भांडतो.

रोखठोक

बाहेर येणार आहेच कशाला? जन्मठेप म्हणजे जन्मभर ना? का 14 वर्षं?

खंडपीठवाला

जन्मभरच. 1961 मध्ये गोपाळ गोडसेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तेच सांगितलं. 14 वर्षं ही किमान अट आहे, 1978 मध्ये कायद्यात घातलेली. खुनासारख्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला तेवढी प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारनं सोडायचं नाही. 14 झाली की दार उघडतं असा त्याचा अर्थ नाही. आपल्या राज्याच्या 2010 च्या धोरणात गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणं वर्षं वाढत जातात.

जुना शिपाई

मी तुरुंग खात्यातून निवृत्त. 31 वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी मराठवाड्यातच. नावगाव विचारू नका.

बाहेरच्यांना वाटतं रजा म्हणजे कैद्यावर मेहरबानी. आमच्या बाजूनं सांगतो, बॅरेक शांत राहतं ते रजेमुळं. जन्मठेपेच्या बंद्याला काठीचं भय नसतं, अजून कोणती शिक्षा देणार त्याला? त्याला एकच भीती, रजा जाईल. एक दिवस उशिरा आला तर माफी कापली जाते, पुढची रजा अडकते. मी असे बंदी पाहिलेत की यष्टी बंद पडली तर ट्रकला हात करून, पहाटे चारला गेटवर येऊन बसलेत, हातात नायलॉनची पिशवी, त्यात लेकीनं दिलेले मुरमुऱ्याचे लाडू. लाडू आत नेता यायचे नाहीत. मग गेटवरच बसून निम्मे खायचे, निम्मे आम्हाला द्यायचे.

आता दुधनाकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं. आमच्याकडं दोन जातीचे बंदी. ज्याची मुलाखत येते, म्हणजे घरचं कुणी भेटायला येतं तो, आणि ज्याची येत नाही तो. जात वेगळी म्हणजे ही. ज्याची मुलाखत येते त्याला जामीनदार मिळतो. जामीनदाराला सातबारा लागतो, रेशनकार्ड लागतं, वर ठाण्यात येऊन 'मी याची हमी घेतो' म्हणायची छाती लागते. पारध्याला कोण देणार सातबारा? त्याच्या पालालाच पत्ता नाही. अर्ज आमच्याकडून नीट जायचा, आणि चौकशी अहवाल यायचा 'जामीनदार विश्वासार्ह वाटत नाही'. तुमचा भावकीतला येतो कारण त्याच्या घरी जमीन आहे. ज्या जमिनीपायी खून केला तीच त्याचा जामीन.

कोरडवाहू

शेवटचं वाक्य वाचून थांबलो.

पुणेकर मराठवाडी

कडक केलं की सगळ्यांनाच बसतं हा आपला इतिहास आहे. वडाळ्याच्या वकील तरुणीचा 2012 मध्ये खून करणारा वॉचमन आठवतो का? जन्मठेप होऊन नाशिकच्या तुरुंगात होता. 2016 मध्ये आईच्या आजारपणासाठी पॅरोल घेऊन जो गेला तो गेलाच, दीडेक वर्षानं काश्मीरमध्ये सापडला. तो पळाला त्याच वर्षी, 2016 लाच, राज्यानं नियम आवळले. राग समजू शकतो. पण आवळलेला फास पळणाऱ्याच्या गळ्यात पडत नाही, तो आधीच पळालेला असतो. पडतो तो जुन्या शिपायांच्या पाल-वाल्याच्या गळ्यात.

आणि वरच्यांचं म्हणाल तर दिल्लीतला, जेसिका लाल खुनातला मनू शर्मा. आईचं आजारपण दाखवून 2009 मध्ये पॅरोलवर सुटला आणि नाइटक्लबमध्ये सापडला. बिल्किस बानो प्रकरणातल्या 11 जणांची सुटका सर्वोच्च न्यायालयानं 8 जानेवारी 2024 ला रद्द केली. त्यातले बहुतेक जण शिक्षा चालू असताना रजा-पॅरोल मिळून हजार दिवसांहून जास्त बाहेर राहिले होते. हजार दिवस! आमच्या गावाकडं माणसाला आईच्या मातीला जायला मिळत नाही.

सावलीतली बाभळ

बरेच दिवस नुसती वाचक होते. आज लॉगिन केलं.

मी दुसऱ्या बाजूची आहे. माझे वडील 302 मध्ये आत आहेत. कुणाला मारलं, कसं मारलं हे इथं लिहिणार नाही. ते निर्दोष आहेत असंही म्हणणार नाही. केलं आहे त्यांनी.

आमचं घर ऊसतोडीवर. दिवाळी झाली की आई, मी, भाऊ कोयता घेऊन पट्ट्यात. कधी सांगलीकडं, कधी कर्नाटकात. घराला कुलूप. वडिलांनी पहिला फर्लोचा अर्ज केला, त्याची चौकशी आली जानेवारीत. अहवाल काय: 'सदर पत्त्यावर कोणीही मिळून आले नाही.' नामंजूर. पुढच्या वर्षी मी शिकायला म्हणून मावशीकडं राहिले तेव्हा मुद्दाम ठाण्यात जाऊन सांगून आले की चौकशीला याल तर मला फोन करा, मी येते. फोन आला नाही. कारण यावेळी वेगळं: 'फिर्यादी पक्षाची तीव्र हरकत असून बंद्यास रजेवर सोडल्यास गावातील शांतता व सुव्यवस्था बिघडण्याची व फिर्यादीचे जीवितास धोका निर्माण होण्याची दाट शक्यता आहे.'

फिर्यादीच्या घरचे आठ वर्षांपूर्वी गाव सोडून चाकणला गेलेत. घर पडलंय त्यांचं, अंगणात घाणेरी वाढलीय. हरकत कुणी घेतली?

आजी वारली तेव्हा आकस्मिक रजेचा अर्ज केला. मयताचा दाखला पाहिजे. ग्रामसेवकाकडं चार गावं, आमच्याकडं फक्त गुरुवारी. आजी गेली शुक्रवारी. वडील घरी पोचले तेराव्याला, पंगती उठल्यावर. चुलत्यानं मंडप सोडायला घेतला होता. वडिलांनी आल्याआल्या काय केलं तर बांबू धरू लागले.

रोखठोक

ताई, तुमचं दुःख समजतं. पण तुमच्या वडिलांनी ज्याला मारलं त्याच्या पोरांचं काय? त्यांना तर तेराव्यालाही बाप बघायला मिळत नाही.

सावलीतली बाभळ

बरोबर आहे तुमचं. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, सातवीपर्यंत. एका बाकड्यावर नाही, पण एका रांगेत. घटना घडल्यावर मी शाळेत गेले तेव्हा तो नव्हता आणि तो आला तेव्हा मी शाळा बदलली होती. तुम्ही विचारलेला प्रश्न मला कुणी विचारायची गरज पडत नाही, दादा.

कोरडवाहू

रोखठोकभाऊ, आता थोडं थांबा.

रोखठोक

थांबलो. बोलायची पद्धत चुकली. मुद्दा सोडलेला नाही.

दुधनाकाठ

बाभळताई, तुमच्या अहवालातलं ते वाक्य मी दहादा वाचलं. मग डोक्यात आलं की आमच्या मामीचाही जबाब असणारच कुठं तरी. खंडपीठवाले, फर्लोच्या चौकशीत फिर्यादीचा जबाब घेतात ना?

खंडपीठवाला

घेतात. कारागृहाकडून प्रस्ताव जिल्हा पोलिसांकडं येतो, तिथून ठाण्यात. ठाणं जामीनदाराचा, नातेवाइकांचा, पोलीस पाटलाचा आणि फिर्यादीकडच्यांचा जबाब घेऊन अहवाल पाठवतं. नियमात एक वाक्य आहे: शांततेच्या कारणावरून शिफारस नसेल तर फर्लो नाकारता येतो. नाकारण्याची निम्मी प्रकरणं या एका वाक्यावर उभी असतात असा माझा अनुभव. उच्च न्यायालयानं कितीदा तरी सांगितलंय की नुसती हरकत पुरेशी नाही, धोका कशामुळं वाटतो ते दाखवा, आधीच्या रजेत काय केलं ते बघा. तरी पुढच्या अहवालात तेच वाक्य. काही ठाण्यांत ते टाइप करून तयारच असतं, नाव तेवढं बदलायचं.

कोरोनातही असाच घोळ होता. मे 2020 च्या दुरुस्तीनं 45 दिवसांची तातडीची रजा आली, नंतर 30-30 दिवसांनी वाढत गेली, 2022 च्या मे मध्ये सगळ्यांना परत बोलावलं. पण सात वर्षांवर शिक्षा असेल तर अट काय, तर आधीच्या दोन रजांतून वेळेवर परत आलेला पाहिजे. आता ज्याला रजाच कधी दिली नाही तो वेळेवर परत कसा येणार? ते भांडण कोर्टात गेलं, आणि रजा न मिळालेल्याला या अटीवर अडवू नका असं कोर्टाला सांगावं लागलं. जे कोर्टापर्यंत पोचले त्यांचं भागलं. अवांतर: तुरुंगातल्या माणसाला मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, 1987 च्या कायद्यानं. बाभळताई, वडिलांना तिथं अर्ज करायला सांगा. नामंजुरीचा कागद जपून ठेवा.

दुधनाकाठ

चार दिवसांनी लिहितोय. गावी जाऊन आलो.

मामीला विचारलं, कधी पोलीस आला होता का जबाब घ्यायला? म्हणाली, न्हाई. मग थोड्या वेळानं चुलीपुढून म्हणाली, "एकडाव कोतवाल आल्ता बापू, सही दे म्हन्ला. मला वाटलं निराधारचं काही तरी आसंल." मामीला निराधार योजनेचे पैसे येतात. वर्षाला कुठला ना कुठला कागद येतोच, हयातीचा म्हणा, उत्पन्नाचा म्हणा. तिनं सही केली. मामी सही करते, अंगठा नाही लावत. सातवी शिकलेली आहे. पण कागद वाचायला दिला नाही, आणि तिनं मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन ठाण्यात गेलो. कुठलं ठाणं ते राहू द्या. तिथले नवे साहेब भले निघाले, फाइल काढायला लावली. कागद पिवळा पडलेला, खाली मामीची सही, ओळखू येते, ती 'भ' ला दोन गाठी मारते. वर टाइप केलेलं: 'सदर बंद्यास संचित रजेवर सोडण्यास माझी काहीएक हरकत नाही. त्याचेपासून मला व माझे कुटुंबियांस कसलाही धोका नाही. माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.'

मामीनं चष्मा लावून तो सगळा वाचला. परत दिला. साहेबांनी चहा सांगितला होता, तो घेतला नाही.

बाभळताई, तुमच्याकडं माणूस चाकणला आणि कागदावर 'हरकत आहे'. आमच्याकडं माणूस घरात आणि कागदावर 'हरकत नाही'. समोरच्या पार्टीनं काय दिलं-घेतलं असेल ते मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण दोन्हीकडं विचारलं कुणालाच नाही.

जुना शिपाई

दुधनाकाठ, मी या दोन्ही तऱ्हेचे अहवाल हजारांनी फाइलला लावलेत. खरं सांगतो, कधी वाटलं नाही की खालची सही करणारीला हे माहीत नसेल. आम्ही बघायचो फक्त शेवटची ओळ. आहे का नाही.

पुणेकर मराठवाडी

एक अवघड प्रश्न विचारतो, राग मानू नका. उद्या मामींना खरंच विचारलं आणि त्या 'हरकत आहे' म्हणाल्या, तर त्याची रजा थांबावी का? मला नाही वाटत. शिक्षा कोर्टानं दिली आहे, ती किती कडक भोगायची हे ज्याचं माणूस गेलं त्याच्या हाती दिलं तर एका घरचे माफ करणारे निघतील, दुसऱ्या घरचे सात पिढ्या न विसरणारे. मग कैद्याची रजा त्याच्या वागणुकीवर राहणार नाही, मेलेल्याच्या नातेवाइकांच्या स्वभावावर राहील. आणि गावात दबाव कसा येतो ते सगळ्यांना माहीत आहे. 'हरकत नाही लिहून दे नाहीतर धुरा सोड.' विधवा बाईला हे सांगायला चार माणसं लागत नाहीत, एक पुरतो.

रोखठोक

म्हणजे विचारूच नका?

पुणेकर मराठवाडी

विचारा. पण तिच्यावर निर्णयाचं ओझं टाकू नका. 'हो की नाही' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'तुम्हाला कशाची भीती वाटते' हे विचारा.

खंडपीठवाला

यात थोडं कायद्याचं. लखीमपूर खेरीच्या जामीन प्रकरणात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे. रजेच्या टप्प्यावर आपल्या नियमांत पीडित येतो तो फक्त पोलीस अहवालातला एक जबाब म्हणून. रजा मंजूर झाल्यावर 'अमुक तारखेला सुटतोय' असं फिर्यादीच्या घरी कळवल्याचं एकही प्रकरण माझ्या वकिलीत मी पाहिलेलं नाही. पण रजा देताना अटी घालता येतात. ठाण्यात हजेरी लावायची अट असते, अमुक हद्दीतच राहायचं असं घालता येतं. फिर्यादीच्या गावाऐवजी दुसऱ्या नातेवाइकाच्या पत्त्यावर राहा, असंही होतं. हे मागायला हवं कुणी तरी, आणि मागण्यासाठी आधी कळायला हवं.

दुधनाकाठ, मामींच्या नावानं एक साधा अर्ज करा. एक प्रत कारागृह अधीक्षकांना, एक पोलीस अधीक्षकांना, रजिस्टर पोस्टानं. आधीचा जबाब मला न वाचता घेतला होता, यापुढं माझा जबाब समक्ष घ्यावा आणि रजेची तारीख मला आधी कळवावी. पोचपावती जपा. पुढं काही झालं तर तो कागद उपयोगी पडतो.

कोरडवाहू

आणि मामींचं खरं म्हणणं काय आहे? इतक्या प्रतिसादांत ते कुठंच आलं नाही.

दुधनाकाठ

कोरडवाहू, बरोबर बोट ठेवलंत. मीही विचारलं नव्हतं. मला गृहीतच होतं.

काल रात्री फोनवर विचारलं. मामी, तुला खरंच विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस? बराच वेळ गप्प. पलीकडं म्हशीला पेंड टाकल्याचा आवाज. मग म्हणाली, "येऊ द्या की. त्येची बी लेकरं हैत, ती बिचारी कामून तरसावी. मपल्या दारावरून जाऊ नको म्हनावं, मागच्या पांदीनं जा. आन खांदेमळणीला नको. तेवढे दोन दिवस नको. बाकी कव्हाबी येऊ द्या."

2018 मध्ये बाजारात दिसला तेव्हा पोळा चार दिवसांवर होता. नंतरही दोनदा तो पोळ्याच्या सुमारासच आलाय. शेतीची कामं, बैलांचा सण, त्यालाही तेव्हाच घर आठवत असणार. फर्लो मागताना कैदी महिना सुचवतो का?

जुना शिपाई

सुचवतो. दिवाळी, पोळा, नाहीतर पोराची परीक्षा. मिळतो तेव्हाच असं नाही, फाइल फिरून येईपर्यंत दोन-तीन महिने जातात. आगाऊ कळलं तर दोन आठवडे मागंपुढं करायला काहीच अडचण नाही. असं कुणी मागितल्याचं मात्र मला आठवत नाही. लोक एक तर 'सोडूच नका' म्हणतात नाहीतर काहीच म्हणत नाहीत.

खंडपीठवाला

मामींचं हेच वाक्य अर्जात घाला, जसंच्या तसं. 'श्रावण अमावास्या व आदला दिवस वगळून.' आणि पांदीचं पण लिहा, गट नंबर टाकून. ही अट कुणाला जाचक म्हणता येणार नाही.

रोखठोक

मामी मोठ्या मनाच्या आहेत. मी नसतो इतका. असो. अर्जाची भाषा पाहिजे असेल तर मी टाइप करून देतो, तहसीलसमोर तेच काम आहे आपलं.

दुधनाकाठ

पाठवतो मजकूर. धन्यवाद.

सावलीतली बाभळ

मामींचं वाचून मला एक सुचलं, बरोबर की चूक सांगा.

वडिलांचा नवा अर्ज गेलाय. पुन्हा तेच होणार, 'फिर्यादीची तीव्र हरकत'. चाकणवाल्यांना कुणी विचारणार नाही. त्यांच्या मुलाचा नंबर माझ्याकडं आहे. दहावीच्या बॅचचा ग्रुप केला होता कुणीतरी, त्यातून सेव्ह केलेला. कधी लावला नाही. त्याला विचारू का, की तुमचं खरंच काय म्हणणं आहे? 'हरकत नाही' लिहून द्या म्हणून मागणार नाही. नको म्हणाला तर तेच पुढं पाठवा म्हणेन. पण मी फोन करणं हाच दबाव होईल का?

खंडपीठवाला

वकील म्हणून सांगतो, तुम्ही थेट करू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलामार्फत त्यांचा चाकणचा पत्ता कारागृहाला कळवा, जबाब तिथं घ्या म्हणून. तुमच्या एका फोनचा उद्या 'धमकावलं' असा अर्थ लावता येतो.

पुणेकर मराठवाडी

सहमत. वाईट वाटतं, पण सहमत.

सावलीतली बाभळ

ठीक आहे. पत्ता शोधते. दुधनाकाठ, तुम्ही त्या जागी असता तर? मला वकिलाचं नको, तुमचं पाहिजे.

दुधनाकाठ

ताई, खरं सांगू? 2018 ला फोन आला असता तर शिव्या घातल्या असत्या. आज उचलला असता, पण बोललो असतो का, माहीत नाही. पत्र पाठवलं असतंत तर वाचलं असतं. मामीला वाचायला दिलं असतं.